हार्ट फेल्युअरच्या पेशंटची घरून देखरेख: वजनकाटा, फोन आणि त्याच दिवशीचं उत्तर

हार्ट फेल्युअरचा पेशंट पुन्हा भरती होतो तो बऱ्याचदा रात्री-अपरात्री, आडवं पडताच धाप लागते म्हणून. पण अंगातलं पाणी त्या एका रात्रीत साठलेलं नसतं. हृदयाचं पंपिंग अपुरं पडलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. ते पाणी हळूहळू पायांत, पोटात आणि फुफ्फुसात उतरतं. पाण्यामुळे भरती होणाऱ्या पेशंटचं वजन किमान आठवडाभर आधीपासून चढू लागतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. टेलिमेडिसिनचा, म्हणजे फोन-व्हिडिओवरून मिळणाऱ्या उपचारांचा, खरा उपयोग या आठवड्यात आहे. कुणी वजन पाहिलं, फोन केला, डॉक्टरांनी लघवीच्या गोळीचा डोस दोन-तीन दिवसांपुरता बदलला, की भरती पुष्कळदा टळते.

मात्र नुसते आकडे गोळा करून काही साधत नाही. अमेरिकेत १,६५३ पेशंटांवर झालेल्या ‘टेली-एचएफ’ चाचणीत (२०१०) पेशंट रोज एका स्वयंचलित फोनयंत्रणेला आपलं वजन आणि लक्षणं सांगत. त्यातून ना भरती कमी झाली, ना मृत्यू. १४ टक्के लोकांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही. जर्मनीत १,५७१ पेशंटांवरच्या ‘टिम-एचएफ २’ चाचणीत (२०१८) घरून रोज वजन, रक्तदाब, ईसीजी आणि ऑक्सिजनचे आकडे जात, आणि बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात डॉक्टर व नर्स चोवीस तास ते पाहायला बसलेले असत. तिथे वर्षाला दर १०० पेशंटांमागे मृत्यूंचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ११.३ आणि देखरेखीच्या गटात ७.९ होतं. या दोन चाचण्यांत बाकीचेही फरक होते, पण आमच्या मते खरा फरक पलीकडे बसलेल्या माणसांचा आहे. म्हणून ॲप किंवा मशीन निवडण्याआधी एक प्रश्न सोडवा: आज सकाळी आकडा बिघडला, तर आज दुपारपर्यंत कोण उत्तर देणार?

डिस्चार्जच्या दिवशी मागून घ्यायचा कागद

डिस्चार्ज कार्ड सहसा तीन-चार पानांचं असतं आणि घरच्यांना रोज लागणारी माहिती त्यात विखुरलेली असते. दवाखाना सोडण्याआधी डॉक्टरांकडून किंवा रेसिडेंटकडून अर्ध्या पानावर एवढं लिहून घ्या.

पेशंटचं ड्राय वेट, म्हणजे सूज पूर्ण उतरल्यावरचं वजन. हा आकडा दवाखान्याच्या काट्यावरचा असतो, म्हणून घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या काट्यावर पुन्हा वजन घ्या आणि तोच आकडा पाया धरा. दोन काट्यांत एक-दीड किलोचा फरक सहज निघतो, आणि तेवढ्यावरून विनाकारण घबराट होते किंवा खरी वाढ लपते.

शेवटच्या टू-डी इकोमधला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त पुढे ढकलतं तो आकडा; शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी), पोटॅशियम आणि सोडियम, तारखेसह.

लघवीच्या गोळीबद्दल लेखी सूचना: वजन किती वाढलं तर किती जादा, किती दिवस, आणि किती उतरलं तर कमी करायची किंवा थांबवायची. ही सूचना प्रत्येक पेशंटची वेगळी असते. शेजाऱ्याच्या कागदावरचा डोस आपल्याला लागू नाही. सूचना लिहून मिळाली नसेल, तर मनाने जादा गोळी देऊ नका, फोन करा.

फोन नंबर, आणि तो कोण कोणत्या वेळेत उचलतो. रविवारी आणि दिवाळीत कोण? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण अडचण नेमकी त्याच दिवशी येते.

भेटीची तारीखही त्याच कागदावर हवी. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या एक ते दोन आठवड्यांत एकदा प्रत्यक्ष तपासणी व्हायलाच हवी. ती फोनवर भागवू नका. औषधांचे डोस याच काळात जुळत असतात आणि परत भरती होण्याचा धोका याच काळात सगळ्यात जास्त असतो.

कोणती साधनं आणि कशी वापरायची

वजनकाटा सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात स्वस्तही. १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. सुईचा काटा या कामाला चालत नाही, कारण अर्धा किलो कुठल्या बाजूला आहे ते त्यावर कळत नाही. काटा शहाबादी किंवा टाइल्सच्या सपाट, कडक जमिनीवर ठेवा. सतरंजी, गादी किंवा सारवलेल्या उंचसखल जमिनीवर तो चुकीचं वजन दाखवतो. जमीन मातीची असेल तर जाड फळी पक्की बसवून काटा कायम तिच्यावरच ठेवा. पेशंटचा तोल जात असेल तर भिंतीजवळ ठेवा, म्हणजे आधार लागलाच तर जवळ असेल. मात्र आकडा स्थिर होताना भिंतीला टेकायचं नाही.

वजनाची वेळ एकच: सकाळी उठल्यावर, लघवी करून, चहा-नाश्त्याआधी, दररोज साधारण सारख्याच कपड्यांत. थंडीत स्वेटर-शाल काढून. घाईत कधी संध्याकाळी, कधी जेवणानंतर घेतलेलं वजन वहीत लिहूच नका. ते तुलनेचं चित्र बिघडवतं.

रक्तदाबाचं मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. दंडाचा घेर टेपने मोजा. सोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराला चालतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवावा लागतो, नाहीतर आकडा खोटा वाढलेला येतो. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, दंड छातीच्या पातळीला, बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. सकाळचं मोजमाप गोळ्यांच्या आधी. चक्कर येत असेल तर उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. डॉक्टरांना हे उभ्याचे आकडे फार उपयोगी पडतात आणि कुणी ते आपणहून देत नाही.

हृदयाचे ठोके अनियमित असतील (एट्रियल फिब्रिलेशन), तर मशीनवर दिसणारी नाडी आणि कधीकधी रक्तदाबही भरवशाचा नसतो. अशा पेशंटचा रक्तदाब तीनदा मोजा आणि नाडी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून ऑक्सिजन मोजणारं यंत्र) असला तर चांगलं, पण पाणी साठण्याची पहिली खूण तो दाखवत नाही. ऑक्सिजन बराच उशिरा उतरतो. ९७ दिसलं म्हणून वाढलेल्या वजनाकडे दुर्लक्ष करणं ही नेहमीची चूक आहे. नेलपॉलिश, नखांवरची मेंदी आणि गार पडलेली बोटं आकडा बिघडवतात. बोट चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

ईसीजी दाखवणारं घड्याळ, ब्लूटूथ काटा, महिन्याचं वर्गणीचं ॲप यांची सुरुवातीला गरज नाही. शंभर पानी वही आणि साधा फोन पुरे. पैसे शिल्लक असतील तर ते रक्ततपासणीवर खर्च करा.

रोजची दहा मिनिटं

वहीत एका ओळीत तारीख, वजन, रक्तदाब, नाडी आणि चार प्रश्नांची उत्तरं. प्रश्न असे: रात्री किती उशा लागल्या? झोपेतून धाप लागून उठावं लागलं का? कालच्यापेक्षा कमी चालल्यावर दम लागला का? चप्पल, साडीची गाठ किंवा पायजम्याची नाडी घट्ट वाटते का? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पोटात पाणी साठतं तेव्हा पायाला सूज नसतानाही कंबर घट्ट होते, भूक मंदावते आणि दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. घरचे त्याला ॲसिडिटी समजतात. वाकून चप्पल घालताना दम लागत असेल तर तेही लिहा.

सूज पाहायची तर घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाच सेकंद दाबा. खड्डा राहिला तर सूज आहे. ती किती वरपर्यंत आहे हे लिहा: घोटा, नडगीचा मधला भाग, की गुडघा. दिवसभर खाटेवर पडून असणाऱ्या पेशंटची सूज पायांऐवजी पाठीच्या खालच्या भागात, माकडहाडाजवळ सापडते.

आई-वडील गावी आणि मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, अशी घरं आता असंख्य आहेत. वहीच्या पानाचा फोटो रोज सकाळी ठरलेल्या वेळी एकाच व्यक्तीला जाऊ द्या, सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर नको. ग्रुपवर सगळे पाहतात आणि प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने फोन केला असेल. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात फोटो आला नाही तर त्या व्यक्तीने आपणहून फोन करायचा. आकडा न येणं हाही इशाराच असतो: ज्या दिवशी अंगात त्राण नसतं, त्या दिवशीच काट्यावर चढणं राहून जातं.

कोणत्या आकड्यावर काय करायचं

खालच्या मर्यादा सर्वसाधारण आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळ्या लिहून दिल्या असतील तर त्याच पाळा.

वजन एका दिवसात किलोभर वाढलं तर दुसऱ्या सकाळी नीट पुन्हा मोजा, आणि मधल्या काळात दम किंवा सूज वाढली का ते पाहा. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर त्याच दिवशी फोन करायचा, पेशंटला कितीही बरं वाटत असलं तरी. लक्षणं दिसेपर्यंत थांबलो तर तो आठवडा हातचा जातो.

वजन उलट दिशेने, ड्राय वेटच्या खाली दोन किलो गेलं आणि सोबत चक्कर, तोंडाला कोरड, लघवी कमी असं काही असेल, तरीही त्याच दिवशी फोन. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हे फार घडतं. घाम जातो, लघवीची गोळी मात्र हिवाळ्यातल्याच डोसने चालू राहते, रक्तदाब पडतो आणि क्रिएटिनिन चढतं. उन्हाळा सुरू होताना लघवीच्या गोळीच्या डोसबद्दल एक कॉल मुद्दाम ठेवा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या किंवा खाणं-पिणं बंद झालं तरही तसंच. त्या दिवसांत लघवीची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधं तात्पुरती थांबवावी लागू शकतात. ती कधी पुन्हा सुरू करायची हे त्याच कॉलमध्ये ठरवून घ्या, नाहीतर बंद झालेली गोळी महिनोन्महिने बंदच राहते.

वरचा रक्तदाब ९० च्या खाली आणि चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटत असेल तर फोन. वरचा ९५-१०० असेल आणि पेशंट नीट हिंडत-फिरत असेल तर घाबरू नका. हार्ट फेल्युअरच्या औषधांवर पुष्कळ पेशंट याच पातळीला राहतात. ‘बीपी लो झालं’ म्हणून घरच्यांनी परस्पर गोळ्या बंद करणं हे बिघडण्याचं एक मोठं कारण आहे. नाडी बसलेल्या अवस्थेत ५० च्या खाली, किंवा सतत १०० च्या वर असेल तर त्याच दिवशी कळवा. ऑक्सिजन नेहमीपेक्षा तीन-चार अंकांनी उतरला तरीही.

आणि काही वेळा टेलिमेडिसिनच्या नाहीत. बसल्या जागी धाप, वाक्य पुरं न होणं, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, छातीत दाबल्यासारखं दुखणं, बेशुद्ध पडणं, ओठ निळे पडणं, गार घाम, अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, ऑक्सिजन ९० च्या खाली: १०८ ला फोन करा आणि पेशंटला पाय खाली सोडून बसतं ठेवा; बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा. व्हिडिओ कॉल लावण्यात वेळ घालवू नका. फोनवरच्या डॉक्टरांचंही अशा वेळी पहिलं सांगणं ‘निघा’ हेच असतं.

कॉल नीट व्हायचा तर

कॉलच्या तासभर आधी एक मजकूर पाठवा: नाव, वय, ड्राय वेट, आजचं वजन, गेल्या सात दिवसांची वजनं, रक्तदाब, नाडी, काय बदललं आहे ते एका वाक्यात. सोबत वहीच्या पानाचा, पायांचा आणि गोळ्यांचा फोटो. रेंज जाणारच असं धरून चाला. हे आधी पोचलेलं असेल तर व्हिडिओ तुटला तरी साध्या फोनवर काम पुरं होतं.

गोळ्यांचा फोटो म्हणजे घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका ताटात पसरून, मागची छापील बाजू वर. चिठ्ठीचा फोटो पुरत नाही, कारण मेडिकलवाल्याने दुसरी कंपनी दिलेली असते आणि जुन्या डॉक्टरांच्या गोळ्याही डब्यात तशाच असतात. या एका फोटोत धोकादायक चुका सापडतात. शहरातल्या रुग्णालयाने सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन सुरू केलेलं असतं आणि गावातल्या डॉक्टरांची टेल्मिसार्टन चालूच असते: एकाच जातीची दोन औषधं, रक्तदाब पडतो, पोटॅशियम चढतं. सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टनसोबत रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर चेहरा-जीभ-घसा सुजून जिवावर बेतू शकतं. सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन आणि या गोळ्यांत किमान ३६ तासांचं अंतर लागतं. गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक ही औषधं पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. मधुमेहाच्या गोळीत पायोग्लिटाझोन असेल तर तेही डॉक्टरांच्या नजरेस आणा.

व्हिडिओसाठी पेशंटचं तोंड खिडकीकडे हवं, खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो. फोन दुसऱ्याने धरायचा आणि मागचा कॅमेरा वापरायचा. मानेची फुगलेली शीर दाखवायची असेल तर पाठीमागे उशा लावून पेशंटला अर्धवट टेकवा, मान किंचित डावीकडे वळवा, सदरा किंवा पदर बाजूला करा आणि टॉर्चचा उजेड बाजूने तिरका पडू द्या. समोरून टाकलेल्या उजेडात शीर दिसत नाही. मग पायावर अंगठा दाबून खड्डा दाखवा. शेवटी पेशंटला खोलीत दहा-बारा पावलं चालवून लगेच बोलतं करा. बोलताना श्वास तुटतो का, हे डॉक्टरांना त्यातून कळतं. नातेवाइकाने उत्तरं देण्याची घाई करू नये. ‘बरी आहे ती’ हे मुलाचं उत्तर आणि आईचं स्वतःचं उत्तर यात पुष्कळ अंतर निघतं. आई सगळ्यांसमोर बोलत नसेल तर दोन मिनिटं खोलीतून बाहेर जा.

कॉल संपायच्या आधी तीन गोष्टी मोठ्याने परत म्हणून खात्री करा: कोणती गोळी बदलली, किती दिवसांसाठी, आणि पुढचं वजन कुणाला कधी कळवायचं.

औषधं वाढवणं आणि रक्ततपासणी

इथे टेलिमेडिसिन सगळ्यात जास्त कामाला येऊ शकतं आणि सगळ्यात कमी वापरलं जातं. ईएफ कमी असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये चार गटांची औषधं आयुष्य वाढवतात: सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन किंवा त्याऐवजी रामिप्रिल-एनालाप्रिलसारखं औषध; मेटोप्रोलॉल सक्सिनेट, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल; स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन; आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ती बहुधा छोट्या डोसने सुरू होतात आणि मग कुणी वाढवतच नाही. पेशंटला बरं वाटतं, तालुक्याहून जिल्ह्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, आणि सुरुवातीचा डोस वर्षभर तसाच राहतो.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्राँग-एचएफ’ चाचणीत १,०७८ पेशंट होते. एका गटाची औषधं डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोसपर्यंत नेली आणि १, २, ३ आणि ६ आठवड्यांनी तपासणी केली. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती, हे प्रमाण त्या गटात १५.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांत २३.३ टक्के होतं. त्या भेटी प्रत्यक्ष होत्या आणि प्रत्येक वेळी रक्त तपासलं जायचं, हे विसरू नये. घरून हेच करायचं तर पहिली भेट समोरासमोर ठेवा. पुढच्यांपैकी काही फोनवर होऊ शकतात, पण हातात वजनाची वही, रक्तदाब आणि ताजा रक्ताचा रिपोर्ट असेल तरच. इतका वेग प्रत्येकाला झेपत नाही. किती आणि कधी वाढवायचं हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. तुम्ही प्रत्येक कॉलला एवढं विचारा: ‘यातलं कोणतं औषध अजून वाढवायचं बाकी आहे?’

सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर वा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावंच लागतं. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर त्याच दिवशी कॉल, ६ च्या वर असेल तर थेट रुग्णालय. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबकडून एक विचारून घ्या: नमुना किती वेळात पोचतो? मोटारसायकलच्या डिकीत तासन् तास फिरलेल्या नमुन्यात रक्तपेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा आहे का पाहा, आणि असेल तर कॉलमध्ये तो आवर्जून सांगा.

मीठ

साधारण ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला एक सपाट चहाचा चमचा, तोही सगळ्या जेवणातला मिळून. भाजीत मीठ कमी करून पापड, लोणचं, फरसाण, सांडगी मिरची किंवा सुकट-बोंबील ताटात राहिलं तर काही उपयोग नाही. उपवासाचं सैंधव हेही मीठच आहे. एकादशीनंतरच्या सकाळी वजन चढलेलं असेल तर आधी आदल्या दिवशीचे वेफर्स आणि चिवडा आठवा. उलट, बाजारात ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. शहाळ्याचं पाणी रोज पिण्याबाबतही हीच काळजी. पाणी किती प्यायचं हे सगळ्यांना सारखं नसतं. मर्यादा सांगितली असेल तर सकाळी तेवढं बाटल्यांत भरून ठेवा. चहा, ताक आणि आमटीही त्यातच मोजायची.

ई-संजीवनी आणि नियम

ई-संजीवनी ही केंद्र सरकारची मोफत सेवा. घरून मोबाइल नंबर नोंदवून टोकन घेता येतं, किंवा गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात गेलात तर समुदाय आरोग्य अधिकारी वजन-रक्तदाब मोजून डॉक्टरांशी जोडून देतात. स्मार्टफोन न वापरणाऱ्या वृद्धांसाठी हा दुसरा मार्ग जास्त चांगला, कारण मोजमाप शिकलेल्या हातांनी होतं. मर्यादा अशी की दरवेळी डॉक्टर बदलू शकतात. चालू औषधं पुन्हा लिहून घेणं, तपासणी सुचवून घेणं, मोठ्या रुग्णालयात जायची गरज आहे का हे ठरवणं यासाठी ती उत्तम आहे. डोस वाढवण्याचं काम मात्र एकाच डॉक्टरांच्या हाती राहू द्या, आणि दोघांनाही एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा.

भारतात दूरस्थ सल्ल्याचे नियम २५ मार्च २०२० रोजी आले. त्यानुसार व्हिडिओ, साधा फोन आणि लेखी संदेश, तिन्ही मार्ग चालतात. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवा, आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा डिजिटल प्रत मेडिकलमध्ये दाखवता येते. अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं, झोपेच्या काही गोळ्यांसह, अशी लिहून देता येत नाहीत. तेव्हा त्या मागू नका. परदेशातल्या मुलाने तिथल्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं, पण चिठ्ठी भारतात नोंदणी असलेल्या डॉक्टरांचीच लागते.

दवाखान्याच्या बाजूने

तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन ही सोय उभी करत असतील तर सुरुवात थोड्या पेशंटांपासून, आणि नुकतीच भरती होऊन गेलेल्यांपासून करावी. फायदा त्यांनाच जास्त होतो. एका नर्सला रोज सकाळी दोन तास फक्त या कामासाठी द्या. ओपीडी सांभाळून जमेल तसं पाहायला सांगितलं तर पहिल्याच गर्दीच्या दिवशी ते राहतं. तिच्या नोंदवहीत आकड्यासमोर ‘काय केलं, किती वाजता, कुणी’ हे रकाने हवेत. रिकामा रकाना संध्याकाळी डॉक्टरांनी पाहायचा. मर्यादा पेशंटगणिक ठेवा. सगळ्यांना एकच कडक मर्यादा लावली की खोटे इशारे वाढतात आणि नर्स खऱ्या इशाऱ्यालाही सरावते. पेशंटांचा सामाईक व्हॉट्सॲप ग्रुप करू नका. प्रत्येकाचे आकडे खाजगी असतात आणि एकाचा डोस दुसरा घेऊन बसतो.

काही महिन्यांनी

पेशंट तीन महिने स्थिर राहिला, औषधं शक्य तितक्या डोसला पोचली, की कॉल महिन्यावर आणता येतात. वजन मात्र रोजच. ड्राय वेट दर महिन्याला डॉक्टरांशी बोलून नव्याने ठरवा. दीर्घ आजारात अंगावरचं मांस झडतं आणि त्याच जागी पाणी भरतं, तेव्हा काटा महिनाभर एकच आकडा दाखवत राहतो आणि पाय मात्र सुजलेले असतात. उलट, भूक सुधारून खरंच अंग धरलं असेल तर जुना आकडा धरून लघवीची गोळी वाढवत नेणं घातक ठरतं. दंड आणि मांड्या बारीक होत आहेत का, हे व्हिडिओवर मुद्दाम दाखवा.

पेशंट महिनाभर लेकीकडे किंवा गावी राहायला जाणार असेल तर काटाही सोबत द्या. तो नेता येत नसेल किंवा जुना बिघडून नवा आणावा लागला, तर शक्य असेल तेव्हा एकाच सकाळी दोन्हींवर वजन घ्या, फरक वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा आणि फोनच्या पलीकडे आकडे पाहणाऱ्यांना तो कळवा.